बाहेर पडायचं दार वेगळं

४ जानेवारी

चि. बारकीस,

अनेक आशीर्वाद, वि. वि. तुझं पत्र परवा पोचलं. पत्र कसलं, चार ओळींचं चिठोरं! चष्म्याच्या दुकानात काम करतेस आणि बहिणीला दोन पानं लिहायची म्हटली की तुझेच डोळे दुखतात. असो. हे मात्र नीट वाच, कारण कामाचं आहे.

माझं पोट अखेर डॉक्टरांच्या तावडीत सापडलं. पित्ताशयात खडे आहेत, काढल्याशिवाय गत्यंतर नाही, असं त्यांनी ह्यांना सांगितलं. मला सांगितलं असतं तर मी आणखी वर्षभर ढकललं असतं, हे डॉक्टरही ओळखून आहेत. ऑपरेशन याच महिन्यात व्हायचंय. मी पडून राहणार, हे दवाखाना आणि घर अशा येरझाऱ्या घालणार, मग आईकडे बघायचं कोणी? म्हणून हे तिला रविवारी तुझ्याकडे आणून सोडतील. दीड-दोन महिन्यांचा प्रश्न आहे. तू एकटी राहतेस, खोली एवढीशी, दिवसभर दुकान, सगळं मला ठाऊक आहे. पण आई तुझीही आहे, ते काय मी शिकवायचं?

तिचं विसरणं वर्षभरात फार वाढलंय. सकाळी बरी असते. संध्याकाळ झाली की घरात असून घरी जायचंय म्हणून मागे लागते. दाराची वरची कडी घालत जा, तिला खालचीच आठवते. कोणी काही विचारलं आणि उत्तर सापडलं नाही की ती हसते. इतकं झकास हसते की समोरच्याला वाटावं, बाईंना सगळं समजतंय. तू फसू नकोस. मी तिच्या तिन्ही पोलक्यांना आतून मानेखाली कापडाची पट्टी शिवलीय आणि तिच्यावर धाग्याने तिचं नाव आणि आमचा पत्ता काढलाय. तुझाही पत्ता काढणार होते, पण तू सारख्या खोल्या बदलतेस, तुझ्यापायी किती उसवू नि किती शिवू?

आणि एक. तिने देवीचा ध्यास घेतलाय. तू आता राहतेस त्याच शहरात आपण सगळे राहत होतो तेव्हा ती तिथल्या देवळात नेहमी जायची. मधली सगळी वर्षं पुसली गेली, पण देऊळ तेवढं शाबूत आहे. जमलं तर ने. पण तिला एकटी सोडू नकोस, क्षणभरसुद्धा.

लोभ आहेच. तो तुझ्याकडून पत्ररूपाने कधीमधी दिसावा.

तुझी ताई

१५ जानेवारी

ती. सौ. ताईस,

कृ. सा. न. वि. वि. भाऊजी आईला सोडून गेले आणि आमचा संसार मांडला गेला. मी खाली गादीवर, आई पलंगावर. सकाळी उठून ती आधी मला पांघरूण घालते आणि मग विचारते की बाई, तुम्ही कुठल्या?

तिला खोलीत ठेवून जायचा धीर होत नाही, म्हणून दुकानात नेते. आमचं दुकान तुला माहीत आहे, पुढे काचेचं कपाट, मागे पडदा, पडद्यामागे भिंगं घासायचं यंत्र आणि मी. यंत्राशेजारी स्टुलावर आई बसते आणि घासलेलं भिंग पुसायला मागते. मऊ फडक्याने इतकं मन लावून पुसते की मला दुसऱ्यांदा पुसावं लागत नाही. परवा एक गिऱ्हाईक फ्रेम निवडत होतं, तर पडद्याआडून डोकं काढून त्यांना सांगून आली की ही घेऊ नका, हिच्यात तुम्ही घुबडासारखे दिसता. मालकांना वाटलं, गिऱ्हाईक गेलं हातचं. पण गिऱ्हाइकाने मुकाट्याने दुसरी घेतली. तेव्हापासून मालक म्हणतात, ह्यांना ठेवून घेऊ आणि तुला काढू.

मला ओळखत नाही याचं पहिले दोन दिवस फार वाईट वाटलं, तुझ्यापासून काय लपवायचं. काल तिने मला विचारलं, तुम्हाला मुलं किती? मी म्हटलं, नाहीत. तर माझ्या पाठीवरून हात फिरवून म्हणाली की मला दोन मुली आहेत, मोठी गुणाची आहे आणि धाकटी भारी हट्टी, सहाची झाली तरी एका जागी ठरत नाही. मी हसले. सहाची मी फक्त आईपाशीच उरले आहे, म्हटलं राहू दे.

देवीचं म्हणशील तर पुढल्या मंगळवारी दुकान बंद, तेव्हा जाणार आहोत. तिच्यासाठी नवी हिरवी साडी आणली आणि तिच्याशी जुळणारं तयार पोलकंही. तुझ्या शिवणाला नावं ठेवत नाही गं, पण तिची तिन्ही पोलकी धुऊन धुऊन विटलीत आणि देवीपुढे तिने चांगलं दिसावं असं मला वाटलं. आरशासमोर उभी केली तर किती वेळ हटेना.

तुझ्या ऑपरेशनची तारीख कळव. घाबरट नसल्याचा आव आणू नकोस, मी ओळखते. भाऊजींना नमस्कार. लोभ आहेच, त्यात खंड पडू देऊ नये.

तुझी बारकी

२२ जानेवारी

ती. सौ. ताईस,

सा. न. वि. वि. भाऊजींना केलेली तार पोचली असेल. तुला सांगायचं की नाही ते मी त्यांच्यावर सोडलं होतं, पण तू ऐकल्याशिवाय राहणार नाहीस, म्हणून लिहिते. आई मंगळवारी देवळात हरवली. अजून सापडली नाही.

ते देऊळ शहराहून जुनं आहे म्हणतात. आता चारी बाजूंनी इमारतींनी त्याला असं कोंडलंय की कळस बघायला समोरच्या दुकानाच्या गच्चीत जावं लागेल. आम्ही पोचलो तेव्हा रांग लोखंडी कठड्यांतून वळत वळत थेट रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत गेलेली. आईला एवढं उभं राहवणार नव्हतं. तिथल्या एका सेवेकरीण बाईंनी आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, म्हाताऱ्या माणसांसाठी वेगळं दार आहे, आम्ही चाकाच्या खुर्चीतून नेतो आणि दर्शन करवून मागच्या दाराशी आणून बसवतो. बरोबरच्या माणसाला त्या दाराने जाता येत नाही. मी सांगितलं की हिला विसरायला होतं. त्या म्हणाल्या, रोज किती जणींना नेतो, काळजी करू नका. आई खुर्चीत ऐटीत बसली आणि मागे वळूनसुद्धा न बघता गेली.

मी सरळ मागच्या दाराशी जाऊन उभं राहायला हवं होतं. पण खुर्च्यांची रांग हळू सरकते असं कळलं, आणि लांबूनच दर्शन घेणाऱ्यांची एक छोटी रांग होती. म्हटलं, इथवर आलेच आहे तर आपणही डोकं टेकवावं. तुझ्या ऑपरेशनचं मागितलं. मागच्या दाराशी गेले तेव्हा झाडाखालचा बाक रिकामा होता. खुर्ची ढकलणाऱ्या बाई म्हणाल्या, त्यांना इथेच बसवलं, तुमची मुलगी येतेय असं सांगितलं, त्यांनी मान डोलावली आणि छान हसल्या.

मग मी देवळाच्या किती प्रदक्षिणा घातल्या कोण जाणे. भोंग्यावरून तिचं नाव पुकारून घेतलं, चपला ठेवायच्या जागी बघितलं, फुलांची दुकानं पालथी घातली. पोलीस ठाण्यात लिहून दिलं. हवालदार म्हणाले, म्हातारी माणसं फार लांब जात नाहीत, सापडतील. आज तिसरा दिवस. मालकांनी सध्या दुकानात येऊ नकोस म्हटलंय, शोध आधी म्हणाले.

तू तिला एकटी सोडू नकोस म्हणून लिहिलं होतंस. मी सोडली. तू उठू नकोस, टाके ओले असतील. लोभ ठेव म्हणायला तोंड नाही.

बारकी

२६ जानेवारी

बारके,

पत्र आडवी पडून लिहितेय, अक्षर लागलं नाही तर लावून घे. हे उद्याच्या गाडीने येताहेत, आईचा फोटो घेऊन. तो पोलिसांना दे, त्याच्या प्रती काढून चिकटव.

तुला दोष देत नाही असं लिहिणार होते. खोटं कशाला लिहू? देते. आयुष्यात एक गोष्ट तुझ्याकडे सोपवली होती. लांबून दर्शन घ्यायची एवढी कसली नड होती? माझं ऑपरेशन माझ्या डॉक्टरांनी केलं असतं, आणि केलंच. जखम भरतेय. देवीने तेवढंच ऐकलेलं दिसतंय.

पण घाबरू नकोस. मीही रात्रंदिवस एकच गोष्ट घोकतेय, की पट्टी आहे. कुठल्या तरी बाईला दया येईल, ती आईला न्हाऊ घालेल, पोलकं काढेल, पत्ता वाचेल आणि पोस्टकार्ड टाकेल. पोस्टमनची सायकल वाजली की मी ह्यांना दाराशी पिटाळते. तिने तपकिरी पोलकं घातलं होतं की पांढरं? पांढऱ्याचा धागा ठळक आहे, पांढरं असेल तर...

मध्ये थांबून तुझं पंधरा तारखेचं पत्र पुन्हा काढून वाचलं. नवं पोलकं.

मी तिन्ही पोलकी शिवत असताना ती माझ्यासमोर बसून दोरे गुंडाळत होती. तू हौसेने केलंस हे मला कळतं, म्हणून तर कोणाच्या नावाने बोटं मोडावी तेही कळत नाही. आता तिच्याजवळ ती कोण हे सांगणारं काहीच नाही. तीही सांगू शकत नाही. हे पोचले की त्यांच्याबरोबर दवाखाने बघ, एकही सोडू नकोस.

ताई

३ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,

सा. न. वि. वि. भाऊजी काल परतले, ते भेटले असतील. त्यांच्या पायांना फोड आलेत, तुला सांगणार नाहीत म्हणून मी सांगते. आम्ही आश्रम, धर्मशाळा, स्टेशनं, सगळ्यांचे उंबरे झिजवले. दवाखान्यांच्या चौकशीच्या खिडक्यांवर आईचं पूर्ण नाव, वय चौऱ्याहत्तर, हिरवी साडी, एवढं सांगायचं, फोटो दाखवायचा. आतला माणूस वही बघून मान हलवणार. आम्ही पुढच्या खिडकीवर.

आज मी एकटीच पुन्हा देवळात गेले आणि जे कळलं ते तुला सांगायलाच हवं. सांगितलं नाही तर माझं डोकं फुटेल.

तिथे हरवलेल्या माणसांसाठी भोंगा आहे. त्या भोंग्यावर सकाळी एक काका असतात, दुपारी दुसरे. मी मंगळवारी गेले तेव्हा दुपारचे होते, सकाळचे मला आज पहिल्यांदा भेटले. ते एका कोंदट खोलीत बसतात. भिंतीला वीतभर खिडकी आहे, तिच्यातून माणसं निरोप सांगतात. बाहेर एवढी झुंबड असते की त्यांना चेहरे दिसत नाहीत, खिडकीच्या कडेवर टेकलेले हात तेवढे दिसतात. ज्याने जे सांगितलं ते तसंच्या तसं पुकारायचं, ही त्यांची पद्धत. मी हिरवी साडी म्हटल्यावर ते विचारात पडले. म्हणाले, हिरव्या पदराचे म्हातारे हात होते खरे. पण त्या बाई स्वतः हरवल्या नव्हत्या. त्यांची मुलगी हरवली होती. सहा वर्षांची, निळा फ्रॉक, दोन वेण्या, पुढचा एक दात पडलेला.

ताई, ते पुकारलेलं मी ऐकलं होतं. तेव्हा त्याचं काही वाटलं नाही म्हणून तुला लिहिलं नव्हतं. मी त्या छोट्या रांगेत होते, अगदी देवीच्या समोर पोचत आले होते, आणि भोंगा म्हणाला की निळ्या फ्रॉकमधली सहा वर्षांची मुलगी हरवली आहे, तिची आई खिडकीजवळ वाट बघते आहे. मी इकडेतिकडे बघितलंसुद्धा, कुठे निळा फ्रॉक दिसतोय का म्हणून. आणि मनात म्हटलं की कसल्या या आया, पोरीवर लक्ष ठेवता येत नाही तर देवळात आणतात कशाला.

काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, इथे कळसाच रांगेत उभा राहून दुसऱ्यांना नावं ठेवत होता. रांग सोडून दहा पावलं चालले असते तर ती खिडकीशी होती. काका म्हणाले, त्या बराच वेळ उभ्या होत्या, दोनदा पुकारायला लावलं, मग इथे नसेल ती, मला ठाऊक आहे कुठे गेली असेल, असं म्हणून निघून गेल्या. नंतर दुपारी त्याच खिडकीतून मी तिला पुकारलं. एका दिवसात एका भोंग्यावरून आम्ही दोघींनी एकमेकींना हाका मारल्या आणि दोघींपैकी कोणालाच ओ देता आली नाही.

ती कुठे गेली असेल, ताई? तिला ठाऊक होतं म्हणे. मला नाही. तू मोठी आहेस, तुला काही आठवतंय का? उलट टपाली लिही. रागावलेली असलीस तरी लिही.

बारकी

७ फेब्रुवारी

बारके,

तुझं पत्र आत्ता आलं आणि आत्ताच बसून लिहितेय. हे स्वतः स्टेशनवर जाऊन टाकतील.

ते खरंच घडलं होतं. तू सहा वर्षांची होतीस, निळा फ्रॉक मीच घालून दिला होता. देवळात आईचा हात सोडवून पळालीस. आईने सगळं देऊळ डोक्यावर घेतलं. तेव्हा भोंगा नव्हता, ती स्वतःच ओरडत फिरत होती. मग तिला काय वाटलं कोण जाणे, मला घेऊन ती तडक बाबांच्या बस डेपोकडे निघाली. देवळाच्या मागच्या दाराने निघून सरळ गेलं की बाजार ओलांडून डेपो होता आणि त्याच्याच आवारात आपली खोली. फाटकाच्या पायरीवर तू ऐटीत बसली होतीस. देवळात कंटाळा आला म्हणून बाबांकडे आले, असं तू सांगितलंस. आईने तुला आधी एक धपाटा घातला आणि मग तिथेच बसून रडली. खाकी कपड्यांतले सगळे बसवाले गोळा झाले होते.

तुला यातलं काही आठवणार नाही, आणि पुढच्याच वर्षी आपण ते शहर सोडलं. मला आठवायला हवं होतं. पण ती स्वतः हरवली आहे असंच मी धरून चालले. ती तुला शोधते आहे हे कोणाच्या डोक्यात येणार?

डेपोवर जा. असेल तिथे जा. डेपो नसेल तर जिथे होता तिथे जा. ती पायरीवर बसली असेल. मला आज पहिल्यांदा वाटतंय की ती आहे.

तुझी ताई

१४ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,

सा. न. वि. वि. आधी मुख्य ते लिहिते. आई गेली. एकतीस जानेवारीला गेली. तू पत्र लिहीत होतीस तेव्हा तिचं सगळं उरकूनही झालं होतं. भाऊजींना जवळ बसवून पुढचं वाच.

डेपो आता नाही. तिथे फर्निचरचं मोठं दुकान झालंय, काचेची दारं आणि पुढे रुंद पायऱ्या. तिथल्या पहारेकऱ्याला आई चांगली आठवत होती. दोन दिवस ती त्या पायऱ्यांवर बसून होती. पहारेकऱ्याचे कपडे खाकी, म्हणून ती त्यालाच सारखी विचारायची की आमच्याकडची धाकटी इथे आली का. तो बिचारा नाही म्हणायचा. त्याने पाणी दिलं, खायला दिलं. मग तिला ताप भरला, खोकला सुरू झाला, तेव्हा दुकानवाल्यांनी गाडी बोलावून तिला जवळच्या मोठ्या रुग्णालयात पाठवलं.

त्या रुग्णालयाच्या खिडकीवर मी आणि भाऊजी जाऊन आलो होतो. ती तेव्हा आतच होती. तिने स्वतःचं नाव म्हणून बाबा घरात मारायचे ती हाक सांगितली होती, पत्ता डेपोतल्या खोलीचा, आणि वय तीस. लिहिणाऱ्याने ते तसंच उतरवून घेतलं आणि वयापुढे प्रश्नचिन्ह केलं. आम्ही चौऱ्याहत्तर वर्षांची, पूर्ण नावाची बाई विचारत होतो. तशी त्यांच्याकडे कोणीच नव्हती.

तिच्या खोलीतल्या सिस्टर भेटल्या. तरुण आहेत, सांगताना त्यांनाच रडू येत होतं. आई अंगात ताप असतानाही उठून इतरांच्या खाटांखाली वाकून बघायची. सलाईनची सुई उपटून टाकायची. ती शांत व्हावी म्हणून शेवटी सिस्टरांनी तिला खोटंच सांगितलं की तुमची मुलगी सापडली. आई म्हणाली, मग आणा माझ्यापुढे. सिस्टर पेचात पडल्या. मुलांच्या वॉर्डात तेवढ्याच वयाची एक मुलगी होती, बरी होऊन घरी जायच्या बेतात. तिला त्यांनी हात धरून आईच्या खाटेपाशी आणलं.

आईने तिला खूप वेळ निरखलं. तिच्या फ्रॉकची कॉलर सरळ केली, जेवलीस का विचारलं. मग सिस्टरांना म्हणाली की ही माझी नव्हे. गोड आहे, पण माझी नव्हे. हिची आई हिला शोधत असेल, हिला आधी पोचती करा.

त्यानंतर ती कोणाशी बोलली नाही. उठलीही नाही. दोन दिवसांत संपलं. नियमाप्रमाणे त्यांनी वाट बघितली, डेपोच्या पत्त्यावर माणूसही पाठवला, तो हात हलवत परत आला. मग त्यांनीच अग्नी दिला. मला द्यायला त्यांच्याकडे काहीच नव्हतं, साडीसुद्धा नव्हती.

ताई, एकच विचार माझं डोकं पोखरतोय. समजा, मी वेळेवर पोचले असते. पायऱ्यांपाशी किंवा खाटेपाशी, कुठेही. केस पिकलेली, जाड चष्म्याची, पन्नाशीची बाई तिच्यापुढे जाऊन उभी राहिली असती आणि म्हणाली असती की आई, मी सापडले. तिने मलाही तसंच निरखलं असतं आणि ही माझी नव्हे म्हटलं असतं. परकी पोर पुढे करून तिला फसवता आलं नाही, मग मी खरी असून तिला काय पटवणार होते? म्हणजे मी वेळेवर पोचले असते तरी काही उपयोग नव्हता, असंच ना? तू तिच्याजवळ राहिलीस, तूच सांग. मी दुकानात जाते, भिंगं घासते, शेजारी स्टूल आहे, मालक ते हलवू का विचारत होते. मी नको म्हटलं.

लोभ मागत नाही. उत्तर तेवढं दे.

बारकी

२० फेब्रुवारी

चि. बारकीस,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र ह्यांनी वाचून दाखवलं, मग मी स्वतः वाचलं, मग पुन्हा ह्यांना वाचायला लावलं. आमच्याकडे समाचाराला येणारी माणसं आता थांबली आहेत. सगळ्यांनी हेच सांगितलं की वयाने गेली, सुटली. मी हो म्हणते. तुझ्यापाशी तसलं काही बोलणार नाही.

तू विचारलंस म्हणून सांगते. तुला बरं वाटावं म्हणून गोड लिहायला मला कधी जमलं नाही आणि आज तर नाहीच. तिने तुला ओळखलं नसतं. मला तरी कुठे ओळखत होती? वर्षभर रोज सकाळी मी कोण म्हणून विचारायची. मी सांगितलं की असं होय म्हणायची आणि दुपारी पुन्हा विचारायची. पण बारके, मी हात पुढे केला की ती हात द्यायची. कोण, कुठली, काही न विचारता. न्हाणीत, अंगणात, दवाखान्यात, नेईन तिथे यायची. ओळखीवाचून तिचं काही अडत नव्हतं. तुझ्याबरोबरही आली असती. मी तुमची मुलगी, असं काही पटवावं लागलंच नसतं. चला आई, घरी जाऊ, एवढं म्हणणारं कोणीतरी हवं होतं. वाटेत तिने तुला विचारलं असतं की बाई, तुम्ही कुठल्या, आणि आली असती.

तेव्हा उपयोग होता. तो नव्हता असं समजून तुला झोप लागणार असेल तर समज, मी अडवायला येत नाही. पण मला विचारलंस तर मी हेच सांगणार. मला डेपो आठवायला उशीर झाला, त्याचं मी माझं बघते.

आता इथे ये. तारीख कळव, हे स्टेशनवर येतील. राग गेला म्हणून बोलावत नाहीये. राग आहे आणि तो जाईल असं आज तरी वाटत नाही. पण आईला आठवणारी आता आपण दोघीच उरलो, आणि दुसऱ्या कोणापुढे मला रडता येत नाही. लोभ आहे की नाही ते पत्रात लिहिता येत नाही. ये आणि बघ.

तुझी ताई